चौथी शिट्टी

दिवसा माझ्याकडे आरत्या व्हायच्या,
प्रचाराच्या घोषणा, साड्यांच्या सेलच्या जाहिराती,
एकदा एका ज्योतिष्याचं वार्षिक भविष्य:
बारा राशी, त्यातल्या वृश्चिकेला सहा टेक.
रात्री दहानंतर दर निम्मा.
म्हणून ही चौघं आली
नाना पेठेत, सायकलच्या दुकानामागच्या माझ्या खोलीत,
जिथे भिंतींवर अंड्यांचे ट्रे
आणि ट्रेमध्ये अजून कुठे कुठे पिसं.

लॉरेन्स पिंटो, गिटार.
राहायला खडकीला, बोटांना कायम सोल्डरचा वास.
केतकी सरपोतदार, बेस. सीएची आर्टिकलशिप चालू,
दोन टेकच्या मधे मांडीवर व्हाउचर घेऊन
हिरव्या पेनानं टिका मारत बसायची.
अमोघ तिखे गायचा, म्हणजे
गळा असा खरवडायचा
की कोमट पाणी मी प्यायचो.
ड्रमवर इर्शाद बागवान.
पहाटे चारला उठून मार्केट यार्डात जायचा,
पेट्या उतरवून साडेसहाला परत,
खिशात चौघांना मिळून एक डाळिंब.
मला पाचवा धरायचे नाहीत. बरोबरच होतं.

मला ते संगीत कळत नव्हतं.
सुई लाल पट्ट्यात गेली की
हात आपसूक खाली यायचा, वीस वर्षांची सवय.
लॉरेन्स म्हणायचा, काका, राहू दे,
तिला तिथंच राहायचंय.

आठ गाणी ठरली होती, सात झाली.
आठवं रात्रभर होईना.
एकदा बेस मागे, एकदा अमोघचा श्वास,
एकदा सगळं जमलं
आणि रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.
सकाळचे दहा वाजले.
गुरुवार आहे
हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

वीज गेली.

अँप गेला, पंखा गेला.
यूपीएसवर अकरा मिनिटं होती,
एक माइक, आणि टेप फिरत होती.
इर्शाद थांबलाच नाही.
अंधारात त्याला कुणी सांगितलंच नसावं.
लॉरेन्सची गिटार
आता नुसत्या तारा, डबीत अडकलेल्या डासासारख्या;
केतकीचं काही ऐकूच येईना, ती पायानं ठेका देत होती,
कोल्हापुरी चपलेचा, फरशीवर.
अमोघ ओरडला नाही.
ओरडायला समोर काही उरलं नव्हतं,
तो शब्द सोडून नुसतं गुणगुणत राहिला.

आणि वर, टिळेकर काकूंच्या ओट्यावर,
कुकरची शिट्टी झाली.
इर्शादनं एक फटका मागे ठेवला.
दुसरी झाली. पुन्हा तेवढीच जागा.
तिसरी.
मग सगळेच थांबले,
मीसुद्धा, हात हवेत,
चौथीची वाट बघत.
आली नाही.
नऊ सेकंद काही नाही, मी नंतर मोजली आहेत,
आणि मग इर्शादचा तो एकच घाव,
ज्याला सुई अशी आदळली
की काच फुटेल वाटलं.

मी काही कापलं नाही.

तीनशे प्रती काढल्या, एकशे नव्वद खपल्या.
केतकी पुढे कोइमतूरला गेली,
इर्शादनं गाळा घेतला.
कव्हरच्या आत, बारीक अक्षरात, तिनंच घातलं होतं:
शिट्टी – सौ. निर्मला टिळेकर.

एक प्रत काकूंना वर नेऊन दिली.
चार दिवसांनी जिन्यात भेटल्या, हातात कोथिंबीर.
म्हणाल्या, ऐकलं. कान दुखले.
ते शेवटचं तेवढं बरंय.
मी म्हटलं, काकू, त्या दिवशी
तीनच शिट्ट्या कशा?
तर म्हणाल्या, मी वरणाला चार देते नेहमी.
पण खालून ते पोरगं
माझ्यासाठी थांबतंय असं वाटलं.
म्हणून तिसरीला गॅस बंद केला.
म्हटलं, बघू आता काय करतो.

डाळ कच्ची राहिली, पण.
ह्यांनी कुरकुरत खाल्ली.